माझ्याच हातचं दार

विलो फोर्क, युटा
मंगळवार, १३ मे २००३

प्रिय कोरीन,

तुझा पाळणा मी केला, मेपलचा, एकही खिळा न वापरता. स्वयंपाकघरातलं टेबल मी केलं. त्याच्या पोटाखाली तू खडूने काढलेला घोडा अजून आहे. पॉलिश करताना तेवढी जागा मी दर वेळी सोडतो. तुझ्या आईची शवपेटी मी केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेजारच्या नेबेकरांच्या कोंबड्यांचं खुराडं, शाळेतला रंगमंच, आणि चॅपलमधलं ते उंच मेज, ज्यामागे उभं राहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माणसं आपली श्रद्धा सांगता सांगता रडतात, तेही माझंच. शेवटी टेकडीवरच्या मॉर्मन मंदिरातलं, वरच्या मजल्यावर जिथे लग्नं लागतात त्या खोलीचं दार. चेरीचं लाकूड, पितळी बिजागऱ्या. एका बोटाने ढकललं की उघडतं आणि जिथे सोडाल तिथे थांबतं, आपण होऊन ना पुढे जात, ना मागे येत. दार नीट बसलंय की नाही याची तीच परीक्षा. या सगळ्या वस्तूंत तेवढं एक दार असं, जे पुरं झाल्यावर मला पुन्हा बघायला मिळालं नाही.

बढाई मारतोय असं म्हणशील. थोडी आहेच. मला कुणी शिकवलं नाही, मोडक्या खुर्च्या सोडवून मी सांधे शिकलो, हे तू इतक्यांदा ऐकलंयस की पुढचं वाक्य तूच म्हणून दाखवशील. पण आज यादीने सुरुवात केली ती घाबरल्यामुळे. घाबरलो की मी ज्याची खात्री आहे त्याला आधी हात लावून बघतो. पुढच्या महिन्यात लग्नासाठी तू आणि ट्रेंट त्या दारातून आत जाल, आणि दार करणारा बाहेर उभा असेल. हे मला नवं नाही. तू बाप्तिस्मा घेतलास त्या दिवशीच मला कळलं होतं की मंदिरात फक्त तुमच्यातली माणसं जातात, मग बाहेर राहिलेला बाप का असेना. मला त्या दिवसाची भीती नाही वाटत. दुसऱ्या दिवसाची वाटते. दुसऱ्या दिवशी तू मला फोन करशील तेव्हा कोणत्या आवाजात बोलशील, त्याची.

तू इथेच जन्मलीस, म्हणून तुला तो आवाज ऐकू येत नाही. मी आणि लोर्ना मोंटानातून इथे आलो त्याच आठवड्यात हार्डवेअरच्या दुकानात एका भल्या माणसाने मला विचारलं, "कोणत्या वॉर्डात आहात तुम्ही?" मला वाटलं, मी आजारी दिसतोय की काय. मग कळलं, वॉर्ड म्हणजे त्यांची गल्लीगल्लीची मंडळी, प्रत्येकीचा आपला बिशप. मी म्हणालो, आम्ही तुमच्यातले नाही. त्यावर तो एवढासा थांबला. ते थांबणं मी पुढे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता डोळे मिटूनही ओळखेन. ते सरलं की हसू पहिल्यापेक्षा दुप्पट गोड होतं. त्या संध्याकाळी आमच्या पायरीवर तीन वेगवेगळ्या घरांतून ब्रेड आला. तुझी आई तो ओट्यावर ओळीने मांडून बघत राहिली आणि म्हणाली, "एव्हरेट, एकतर हे लोक फार चांगले आहेत, नाहीतर आपल्याला खरंच काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि आपल्यालाच कुणी सांगत नाहीये."

ते चांगलेच आहेत. हे मी आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तू माझ्यावर डोळे वटारणार नाहीस. पण आपसात ते जसं बोलतात तसं माझ्याशी बोलत नाहीत. आपसात ब्रदर अमुक, सिस्टर तमुक. टोमणे मारतात, चिडतात, एकमेकांच्या पोरांना नावं ठेवतात. मी आत आलो की सगळे जपून बोलायला लागतात, ओल्या पॉलिशच्या खुर्चीजवळून जाताना माणूस अंग चोरतो तसे. लहानपणापासून त्यांना शिकवलेलं असतं की बाहेरचा माणूस तुमच्याकडे बघून तुमच्या देवाबद्दल मत बनवतो, तेव्हा एखादा वेडावाकडा शब्द गेला तर तो माणूस कायमचा हातचा जाईल. म्हणून भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. प्रत्येक बोलण्याच्या खिशात एक आमंत्रण असतं, कधी सहलीचं, कधी पोरांच्या गाण्याचं, आणि ते बाहेर निघेपर्यंत मी वाट बघत बसतो. समोरचा माझ्याशीच बोलतोय, की उद्या माझ्यातून निघू शकेल अशा कुणा दुसऱ्याशी बोलतोय, हे मला कधी नक्की कळलं नाही. इतकी वर्षं काढली तरी.

त्यातून सुटलेला एकच, लामोंट नेबेकर, आणि तोही फक्त शेताच्या पाटावर. पाण्याच्या पाळीला तो खरा माणूस होतो. "अरे गाढवा, तुझं पाटाचं दार उघडं राहिलंय, माझं सगळं पाणी तुझ्या गवतात चाललंय! तुझ्या गवताला काय बक्षीस मिळवायचंय का?" असं कुंपणापलीकडून ओरडायचा, आणि मी फावडं घेऊन धावायचो आणि उलट ओरडायचो की माझं गवत निदान जिवंत तरी आहे. तू पायरीवर बसून टाळ्या पिटायचीस. पाटावरून घरी आला की तोच लामोंट पुन्हा मऊ. "एव्हरेट, तू तर कोरडा मॉर्मन आहेस," म्हणायचा. दारू नाही, शिवी नाही, दिवसभर काम, फक्त पाण्यात बुडवायचा राहिलेला. मी म्हणायचो, "कोरडा कुठला, कॉफीत भिजलेलाय." तुमच्यात कॉफी वर्ज्य, म्हणून हसताना त्याची नजर माझ्या थर्मासवर जायची आणि पटकन दुसरीकडे वळायची.

आणि त्याची बायको आर्व्हा. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. महिनाभर आपल्या घरी चूल पेटली नाही, वॉर्डातल्या बायकांनी पेटू दिली नाही. दफनाच्या सकाळी आर्व्हाने मला कॉफी आणून दिली. त्या बाईने जन्मात कधी कॉफी केली नव्हती, दुकानात जाऊन ती विकत घेताना तिला कुणी पाहिलं असेल तर काय वाटलं असेल देव जाणे. डाळ शिजवावी तशी तिने ती भुकटी उकळली होती. कप दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बरोबर झाली नसेल." मी तळाच्या गाळासकट प्यायलो. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली, दुसऱ्या कुणाशी नाही. म्हणून तू पुढे त्यांच्या घरी वाढलीस, त्यांच्याबरोबर गाऊ लागलीस, विसाव्या वर्षी पांढरे कपडे घालून पाण्यात उतरलीस, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. मला उठून जावंसं वाटत होतं, पण बसलो.

तसं का वाटलं ते हळूहळू कळलं. तू प्रोव्होला कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी भांडेनाशी झालीस. आधी कशी होतीस? माझ्या खुर्चीवर बसून म्हणायचीस, "बाबा, डावा पाय आखूड आहे," आणि मी नाही म्हटलं की संगमरवरी गोटी आणून फरशीवर सोडून, "बघा, फरशी सरळ आहे, तुमची खुर्ची वाकडी!" आता येतेस, हसतेस, सगळं छान म्हणतेस. ख्रिसमसच्या जेवणाला मी तुझ्या प्रवचनकारांबद्दल मुद्दाम काहीतरी खोचक बोललो. बघू, चिडते का. तू काटा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मला तुमच्या मताचा आदर आहे, बाबा." मी ताटातल्या चीज-बटाट्यांकडे बघत राहिलो. हार्डवेअरच्या दुकानातलं ते एवढंसं थांबणं मी माझ्या टेबलावर, माझ्या मुलीच्या तोंडून ऐकलं होतं.

आता गेल्या बुधवारचं. लामोंट आता बिशप आहे, आणि ट्रेंटचा बाप, म्हणजे तुझा होणारा सासरा. तो कारखान्यात आला, हातात फडक्यात गुंडाळलेला ब्रेड. ब्रेड गरम असला की मी समजतो, बोलणं जड आहे. आधी जर्दाळूच्या फुलांवर पडलेलं हिंव झालं, मग त्याच्या गोठ्याची बिजागरी झाली, मग मी रंधा खाली ठेवला आणि म्हटलं, "बोल आता, ब्रेड गार होतोय." त्याने सांगितलं. मंदिराच्या पूर्वेला फुलांच्या वाफ्याजवळ बाक आहे, तिथे मी बसायचं. तुम्ही बाहेर आलात की फोटो. संध्याकाळी वॉर्डाच्या हॉलमध्ये अंगठ्यांचा छोटा समारंभ, त्यात मी तुला हात धरून आणायचं. आणि मग, रंध्याच्या पात्यावरून बोट फिरवत, "पोरं वर्षभर थांबायला तयार आहेत, एव्हरेट. तू आत्ता बाप्तिस्मा घेतलास, तर वर्षाने तूही आत असशील. तुझ्याच दारातून जाशील." मी म्हणालो, "बोट कापशील. दारासाठी मी देव बदलत नाही, लामोंट. आणि देवालाही असला माणूस नको असेल." तो हसला. खरंच हसला, पाटावरचं हसू. तिथे तो उठून गेला असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

पण त्याला मला धीर द्यायचा होता. दारापाशी वळून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "एकटा राहशील असं मनात आणू नकोस. लोर्ना आता आपल्यातच आहे. मार्चमध्ये कोरीनने पाण्यात उतरून तिच्या नावाने, तिच्या जागी बाप्तिस्मा घेतला. आर्व्हा सोबत होती. काय सांगू, दोघी बाहेर आल्या तेव्हा..." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तुला विचारलं होतं ना तिने? नवऱ्याला विचारल्याशिवाय करायचं नसतं, एव्हरेट. नियम आहे आमचा. मी धरून चाललो, तिने विचारलंच असेल."

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी जितका वर गेलो तितका तो खाली गेला. मी म्हणालो, माझी बायको मेलीय, तिला तरी सोडा. तो हळू आवाजात म्हणाला, तुझा राग मला समजतो. मी म्हणालो, तुला काही समजत नाही, शिवी तरी दे मला. तो आणखी हळू म्हणाला की त्यात जबरदस्ती नसते, पलीकडे गेलेलं माणूस हो म्हणू शकतं, नाही म्हणू शकतं. शेवटी तो कुजबुजत होता आणि मी एकटाच त्या मोठ्या कारखान्यात ओरडत होतो. मी ब्रेड फडक्यासकट त्याच्या हातात परत दिला. या खोऱ्यात आल्यापासून मी कुणाचा ब्रेड परत केलेला नव्हता.

तो गेल्यावर मला त्या खोलीतले आरसे आठवले. तुला सांगितलं नव्हतं. मंदिराचं अर्पण होईपर्यंत बाहेरच्या कारागिरांना आत काम करता यायचं, म्हणून ती खोली मी पाहिली आहे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन मोठे आरसे आहेत, जोडप्याने मध्ये उभं राहून आपल्या प्रतिमा न संपणाऱ्या रांगेत बघाव्यात म्हणून. दार बसवून झालं त्या दुपारी मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन चुकून त्यांच्या मध्ये आलो. दोन्हीकडे मीच, लाकडाच्या भुशाने भरलेला, लहान लहान होत पार हिरव्या काळोखापर्यंत, आणि शेजारी कुणी नाही. मी चटकन बाजूला झालो होतो. त्या बुधवारी मात्र मला बाजूला होता येईना. तू त्या दारातून आत जाणार. तुझ्या आईला तू आधीच आत नेऊन ठेवलंस. म्हणजे तुम्ही दोघी त्या बाजूला, कायमच्या, आणि या बाजूला मी आणि माझा थर्मास. माझा त्या सगळ्यावर विश्वास नाही, कोरीन. विश्वास नसलेल्या गोष्टीची इतकी भीती वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. पुढचंही दिसू लागलं. तुझी पोरं होतील, ती मला आजोबा म्हणतील, आणि चार-पाच वर्षांची झाली की कुणी न शिकवताही माझ्याशी त्या गोड आवाजात बोलायला लागतील. जाताना माझ्या हातात ब्रेड देतील.

परवा रविवारी, मातृदिनाला, तुझा फोन आला. लामोंटने तुला सांगितलेलं होतं, हे तुझ्या पहिल्याच श्वासावरून कळलं. तू सुरुवात केलीस, "बाबा, माझ्यामुळे तुमचं मन दुखावलं असेल तर मला खरंच वाईट वाटतं. माझं तुमच्यावर प्रेम आहे, हे मला तुम्हाला सांगायचंय." तोच आवाज. मी एवढंच विचारलं, "तुझ्या आईला विचारलं होतंस का?" आणि तू फुटलीस.

"तिला कुठे विचारू? कुठे विचारू, सांगा ना! आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात! मला तिचा आवाज आठवत नाही, बाबा! फोटोतला चेहरा आठवतो, तोही एकाच बाजूने! मला ती परत हवीय. आणि तुम्हाला काय, तुम्ही बसा तुमच्या रंध्याशी! मेलेल्या माणसासाठी मला काहीतरी करता येतं, तुमच्यासाठी काही म्हणजे काही करता येत नाही, कारण तुम्ही जिवंत आहात! कसले आडमुठे आहात हो तुम्ही! मी रोज घाबरते. रोज! तुमच्याशी नीट बोलले नाही तर तुम्ही आणखी लांब जाल, म्हणून जीभ चावून चावून बोलते, आणि तुम्ही तिकडे बटाटे बघत बसता! आणि ती खुर्ची वाकडीच आहे!"

फोन आपटलास. मी रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो, त्यातून नुसती पीं पीं येत होती, आणि मला ठेववेना. म्हणजे त्या जेवणाला माझं बटाटे बघत बसणं तू पाहिलं होतंस. म्हणजे तो गोड आवाज माझ्यापासून लांब जाण्याचा नव्हता, मी लांब जाईन या भीतीचा होता. मी इथे घाबरून गप्प, तू तिथे घाबरून गोड. नंतर मी ती खुर्ची स्वयंपाकघरात आणली, गोटी शोधली, डाव्या पायाखाली पट्टी सरकवली. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. कागदाच्या जाडीएवढं, पण आहे.

तुझ्या आईच्या बाप्तिस्म्याबद्दल मला अजून राग आहे आणि तो मी तुला समोर बसवून ओरडून सांगणार आहे. पण लामोंटचं खरं असेल आणि तिला तिकडे कुणी विचारलं असेल, तर उत्तर तिचं ती देईल. नाही म्हणायला ती कधी कचरली नव्हती. माझ्याशी लग्न करायलाही तिने दोनदा नाही म्हटलं होतं.

त्या दिवशी मी पूर्वेच्या बाकावर बसेन. काल टेकडीवर जाऊन बघून आलो. मागची फळी डुगडुगते, माळ्याला विचारून शनिवारी नीट करणार आहे. भीती गेलेली नाही. तुम्ही बाहेर याल, फोटोसाठी हसाल, मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेन. माझं एकच मागणं आहे: जीभ चावू नकोस. माझ्याशी रविवारी बोललीस तशी बोल, तुझ्या पोरांनाही तसंच बोलायला शिकव. लामोंटला मी निरोप पाठवलाय की या आठवड्यात पाण्याची पाळी माझी आहे आणि त्याचा पाट फुटलाय. बघू, येऊन ओरडतो का.

आता हे पत्र का लिहिलं ते. फोनवर सांगता आलं नसतं, आणि दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जायला नको. बुधवारी लामोंट गेल्यावर मी लास व्हेगासच्या त्या माणसाला फोन केला, जो हे घर विकत घ्यायला दोन वर्षं माझ्या मागे लागलाय. तो शुक्रवारी आला, मोजमाप करून गेला. माझं ठरलं होतं: तुझ्या लग्नात फोटो काढून घ्यायचे, हॉलमध्ये तुला हात धरून आणायचं, आणि त्याच आठवड्यात तुला न सांगता मोंटानाला माझ्या भावाकडे निघून जायचं, म्हणजे तो दुसऱ्या दिवसाचा फोन मला घ्यावाच लागला नसता. काल सोमवारी तो सही घ्यायला आला. घर, कारखाना, सगळी यंत्रं, लाकडाचा साठा आणि पाण्याचा हक्क, सगळं मिळून तो दोन लाख चौदा हजार डॉलर देत होता. मी नाही म्हणालो.

तुझाच आडमुठा,
बाबा